सोल

सारेमा बेटावर मार्चमध्येही किनाऱ्याला बर्फाची साय असते.
पहाटे उर्मासनं ससा आणला, गाडीखाली आलेला.
"उचलला तेव्हा गरम होता," म्हणाला,
आणि उंबऱ्यातूनच फिरला,
कारण या घरात कातडी कमावणारा माणूस
आता खिडकीशी बसून असतो,
डाव्या अंगानं विझलेला.

चाळीस हिवाळे हेल्डुरनंच केलं हे सगळं.
ससे, खारी, मुंगसाच्या जातीतलं ते पांढरं चपळ काहीतरी,
एकदा कोल्ह्याचं पिल्लू.
एर्ना फक्त टेबलावर वर्तमानपत्र पसरायची
आणि वास येतो म्हणून खिडक्या उघडायची.

झटक्यानंतर त्याच्यापाशी एकच शब्द उरला. सोल.
त्यांच्या भाषेत सोल म्हणजे मीठ.
आपल्या भाषेत तो हुकूम झाला असता,
आणि त्या दिवशी तोही चालला असता.
पाणी हवं, सोल.
पडदा सरकव, सोल.
डॉक्टरीणबाईंना निरोप देताना, मान लववून, सोल.
"काहींपाशी नुसती शिवी उरते," त्या म्हणाल्या होत्या,
"तुमचं त्या मानानं बरंय."

एर्नानं बाह्या सारल्या.
मागच्या पायांच्या घोट्यांशी चीर,
मग ओला मोजा काढावा तसं
हळूहळू ओढत आणायचं डोक्याकडे.
सशाची कातडी म्हणजे भिजलेला कागद,
नखाचाही धाक.
आतला चरबीचा पापुद्रा खरवडायचा चमच्याच्या कडेनं,
सूप वाढायच्याच.
"सोल," खिडकीपासून.
तिनं मीठ टाकलं.
"सोल!"
आणखी टाकलं, कानांच्या मुळाशी, शेपटीच्या आत, पार कडेपर्यंत.
"सोल, सोल, सोल,"
उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत.
तेव्हा कळलं,
चमचा उलटा धर म्हणतोय.

दोन दिवस राखाडी पाणी निथळलं.
मग तुरटी.
दाढीनंतर गालांवरून फिरवायचा त्याच त्या वड्या,
तीन होत्या, न वापरलेल्या,
तिनं फडक्यात गुंडाळून कुटल्या.
मग अंड्याचा बलक, आतल्या अंगाला, तळव्यानं.
पांढरं रात्री त्यालाच भरवलं.

खरं काम त्यानंतर.
अर्धवट ओली असतानाच ताणायची,
खुर्चीच्या पाठीवर घासत, इकडून तिकडे, तिकडून इकडे,
तासभर, रात्री पुन्हा तासभर.
एकदा कडक वाळली की हातात उरतो पापड.
तिचे खांदे भरून आले.
तो पाहत होता, आणि त्याचा चांगला खांदा
तिच्या लयीत किंचित हलत होता.

पोटाशी केस हातात आले.
एक पुंजका, मग दुसरा, मग नाण्याएवढं नागडं.
उर्मास गेल्यावर आधी चुलीचं पाहिलं तिनं,
आधी याची न्याहारी, आधी कोंबड्या.
तीन तास ससा पायरीवर तसाच.
ऑक्टोबरातही तिला वाटलं होतं
शेडमध्ये काम चाललंय त्याचं.
तेव्हाही तीनच.

ती पुंजका मुठीत धरून उभी राहिली.
"सोल," तो म्हणाला,
इतक्या हळू, की हे मिठाबद्दल नव्हतं.

लाकडाच्या भुशात झटकलेली कातडी
आता त्याच्या मांडीवर असते, डाव्या हाताखाली.
त्या हाताला ती कळत नाही.
म्हणून उजवा हात अधूनमधून येतो,
फिरतो, नागड्या जागेशी थांबतो,
तिथंच जरा रेंगाळतो.

परवा तिनं विचारलं, "माझं नाव काय?"
त्यानं बराच वेळ घेतला. ओठ गोळा केले.
"सोल."

आता तो हाक मारतो, एर्ना ओ देते.
येताना मात्र फळीवरची बरणी
बरोबर घेऊन येते. असू दे.